कलकत्त्याचा मुक्काम

"कलकत्त्याला उतरलं की जयूला पहिली आंघोळ," वहिनी म्हणाली. "मग गरम भात. मग झोप. बाकी सगळं दुसऱ्या दिवशी."

आम्ही सोप्यात बसलो होतो. समोर दादाचं पत्र उघडं पडलं होतं आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी पेन्सिलीनं एक लांब रेघ ओढली होती. एका टोकाला आमचं गाव, दुसऱ्या टोकाला गुवाहाटी. मध्ये पुणे, नागपूर, हावडा असे ठिपके. चार वर्षांची जयू त्या रेघेवरून बोट चालवत तोंडानं गाडीचा आवाज काढत होती.

"दुसऱ्या दिवशी काय?" मी विचारलं. मला ठाऊक होतं, पण वहिनीच्या तोंडून ऐकायला बरं वाटायचं.

"दुसऱ्या दिवशी राणीची बाग. तिथं काय म्हणतात त्याला?"

"झू."

"तेच. ह्यांनी लिहिलंय बघा." वहिनीनं पत्र उचललं. तिला ते पाठ होतं, तरी वाचून दाखवलं. "'पोरीला चार दिवस सलग गाडीत कोंडू नका. कलकत्त्याला तात्यांकडं एक दिवस पाय मोकळे करा. जयूला पाणघोडा दाखवा, केवढा आ करतो ते बघून खुळी होईल.'"

"पाणघोडा म्हंजे घोडा?" जयूनं विचारलं.

"घोडा न्हाई. म्हशीएवढा असतोय, पाण्यात बसतोय," मी म्हणालो.

"मग पाणम्हैस का म्हणत न्हाईत?"

वहिनी हसली आणि यादीकडं वळली. दशम्या दोन दिवस टिकतील, तिसऱ्या दिवशी चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू. जयूसाठी दोन फ्रॉक हाताशी, बाकी ट्रंकेत. पाण्याचा थर्मास. उलटी झाली तर आवळासुपारी. आंथरायला जुनी वाकळ, म्हणजे कुठंही टाकता येईल.

आमच्या विटा भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. सोनाराच्या दुकानातली राख, कचरा, जुने दागिने भट्टीत आणि तेजाबात, म्हणजे ॲसिडात, गाळून त्यातून शुद्ध सोनं-चांदी काढून द्यायची, हे काम. माझा थोरला भाऊ अधिकराव सहा वर्षं गुवाहाटीत होता. लग्न होऊन पाच वर्षं झाली तरी शालनवहिनीला त्याचा सहवास दिवाळीला पंधरा दिवस आणि जत्रेला आठ-दहा दिवस, एवढाच. आता त्यानं तिथं दोन खोल्यांचं बिऱ्हाड बघितलं होतं. खोलीत नळ होता, हे वहिनी गल्लीतल्या प्रत्येकीला सांगून आली होती.

सोबत म्हणून मी जाणार होतो. बावीस वर्षांचा होतो, आणि कलकत्ता मला माहीत होतं. पुण्याला जाऊन तिकिटं मीच काढली. रविवारी संध्याकाळी पुण्याहून गाडी, मंगळवारी सकाळी हावडा. बुधवारी संध्याकाळी गुवाहाटीची गाडी, गुरुवारी संध्याकाळी मुक्कामाला.

निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी विट्याला जाऊन एसटीडी बूथवरून दादाच्या दुकानात फोन लावला. निघतोय म्हणून कळवायला. फोन रामहरीनं उचलला. रामहरी आमच्याच गावचा, दादाचा भागीदार.

"जालिंदर, आसपास कोण हाय का?"

"न्हाई. का?"

"शांतपणे ऐक. अधिकराव भाजलाय. काल दुपारी. भट्टी भडकली आणि मागं सरायला गेला तर तेजाबाची बरणी अंगावर आली. कमरेच्या वर सगळं. तोंड वाचलंय. दवाखान्यात हाय, बोलतोय."

काचेच्या दाराबाहेर एक म्हातारा आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. तो माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं पाठ केली.

"मी काय करू?"

"तुम्ही उद्या निघतायच. निघा. वाटेत शालनला सांगू नको. लहान पोर घेऊन एवढा लांबचा पल्ला, बाई रडायला लागली तर तू एकटा काय करशील? इथं आल्यावर आम्ही सगळे हाओत."

मी घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. आबांना छातीचं दुखणं होतं. आई तर आधीच गेलेली. वहिनी चुलीपुढं दशम्या भाजत होती.

"फोन लागला?"

"लागला. रामहरीनं उचलला. दादा कामात होता."

"बरं," ती म्हणाली आणि दशमी उलटली.

*

गाडीत जयू खिडकीला चिकटून होती. प्रत्येक स्टेशनला तिचा एकच प्रश्न, "आलं का कलकत्ता?" अकोल्याच्या पुढं ती कंटाळली, नागपूरनंतर किरकिर करायला लागली. वहिनी तिला गोष्टी सांगत होती, पण सगळ्या गोष्टी शेवटी गुवाहाटीच्या त्या दोन खोल्यांत जाऊन पोचत. चिमणीनं घर बांधलं, त्यात नळ होता. राजानं महाल बांधला, त्यात नळ होता.

"बाबा स्टेशनवर येणार?" जयूनं विचारलं.

"येणार," वहिनी म्हणाली. "नवा शर्ट घालून येणार. व्हय की न्हाई, भावजी?"

"व्हय," मी म्हणालो आणि दाराशी जाऊन उभा राहिलो.

मला भाजलेलं माणूस माहीत होतं. ते इथं सांगायला हवं. अठराव्या वर्षी मी कलकत्त्याला भीमराव तात्यांच्या गलाईच्या दुकानात कामाला होतो. तिथं बबन नावाचा कारागीर होता, आटपाडीकडचा. त्याच्या अंगावर तेजाब सांडलं. दवाखान्यात त्याच्याजवळ बसायचं काम माझ्याकडं आलं, कारण दुकानात सगळ्यात नवा मी होतो आणि माझ्यावाचून काही अडत नव्हतं. बबन नऊ दिवस जगला. नऊही दिवस शुद्धीत होता. पट्ट्या बदलायला आले की तो माझा हात धरायचा, आणि त्याच्या हाताचं कातडं माझ्या हाताला लागून यायचं. दहाव्या दिवशी मी कुणाला न सांगता गाडीत बसलो आणि गावी आलो. पुन्हा त्या धंद्यात गेलो नाही. घरी सगळे म्हणायचे, जालिंदरला परमुलूख मानवला नाही.

*

मंगळवारी सकाळी तात्या स्वतः हावड्याला आले होते. पांढरं धोतर, टोपी, वीस वर्षं कलकत्त्यात राहूनही विट्याच्या बाजारात उभे असल्यासारखे.

"ये रे पळपुट्या," त्यांनी माझ्या पाठीत थाप मारली. मग जयूला उचलून घेतलं. "आणि ही कोण? अधिकरावची लेक? नाक बघा की, बापाचंच."

टॅक्सीत वहिनी आणि जयू मागं बसल्या. तात्या डिकीत ट्रंक ठेवताना माझ्या कानाशी आले.

"अधिकरावचं कळलं. थोडं भाजलंय म्हणतात. तिला ठाऊक हाय?"

"न्हाई."

"तू घरी जाऊन नीट फोन कर. आजच्या गाडीत जागा करता येईल, रेल्वेत आपला माणूस हाय. जायचं असलं तर दुपारी दोनच्या आत मला सांग. न्हाईतर तुमची उद्याची तिकिटं हायेतच."

तात्यांचं बिऱ्हाड बहूबाजारात दुकानाच्या वरच होतं. तात्यांच्या बायकोनं, हौसाकाकूंनी, जयूसाठी पाणी तापवून ठेवलं होतं. वहिनीनं ठरवलं होतं तसंच सगळं सुरू झालं. आधी आंघोळ, मग भात. जिन्यातून तेजाबाचा तोच वास वर येत होता. मी चहा न घेता खाली उतरलो आणि कोपऱ्यावरच्या बूथवर गेलो.

रामहरी फोनजवळच बसून असावा, त्यानं पहिल्या घंटीला उचलला.

"कुठं आहात?"

"कलकत्त्यात. तात्यांकडं."

"जालिंदर, आजच निघा. उद्याची वाट बघू नका. ताप चढलाय, डॉक्टर म्हणतात विष रक्तात भिनतंय. दोन दिवस निघाले तर निघाले. तो सारखा शालनचं नाव घेतोय. मी त्याला सांगून बसलोय, बुधवारी संध्याकाळी येणार. आज निघालात तर बुधवारी संध्याकाळी पोचताय. ऐकलंस?"

"व्हय."

"आजच."

"व्हय, ऐकलं."

फोन ठेवून मी रस्त्यावर आलो. ट्राम चालली होती. ती जाईपर्यंत उभा राहिलो. मग दुसरी आली. तीही गेली. मग दारातल्या चपलांत चप्पल काढून दुकानात गेलो. तात्या गल्ल्याशी बसले होते.

"काय म्हणतोय?"

"बरा हाय," मी म्हणालो. "उतार पडतोय. घाई करू नका म्हणाले, पोरीला विश्रांती मिळू दे."

तात्यांनी मोठा श्वास सोडला. "देव पावला. मग उद्याच्याच गाडीनं जावा."

वर वहिनी खिडकीत बसून जयूचे केस टॉवेलनं पुसत होती. मी दारात आल्यावर तिनं मला एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"फोन लागला?"

"लागला."

"मग उद्याच जायचं ना?"

"उद्याच."

"बरं," ती म्हणाली, आणि जयूचे केस पुसायला लागली. केस केव्हाच वाळले होते.

दुपारी जयू झोपली. संध्याकाळी वहिनी काकूंबरोबर बाजारात गेली आणि तीन माणसांची मच्छरदाणी घेऊन आली, निळी. तिकडं डास फार, असं दादानं लिहिलं होतं. तिनं ती खोलीत उलगडून बघितली, पुन्हा घडी घातली. घडी नीट बसेना म्हणून तीनदा घातली.

*

बुधवारी सकाळी आम्ही तिघं झू बघायला गेलो. ऊन चांगलं होतं. शाळेची पोरं रांगेनं चालली होती. जयू माझ्या खांद्यावर बसली होती आणि माझे केस धरून मला इकडं तिकडं वळवत होती. हत्ती झाला, माकडं झाली. जिराफाची मान बघून ती म्हणाली, "ह्याला घास गिळायला किती वेळ लागत आसंल!"

पाणघोडा आधी दिसेचना. नुसतं गढूळ पाणी. आम्ही कठड्याशी बराच वेळ उभे राहिलो. मग पाणी फुगलं, एक मोठं डोकं वर आलं आणि त्यानं आ केला. जयू किंचाळली. दुसऱ्या क्षणी ती हसायला लागली आणि थांबेना. तिचं बघून वहिनी हसायला लागली. पदराचा बोळा तोंडात धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आणखी एकदा! आणखी एकदा!" जयू त्याला ओरडून सांगत होती.

नंतर आम्ही झाडाखालच्या बाकावर बसलो. वहिनीनं कागदाच्या पुडीतली मुरी, म्हणजे तिकडचे चुरमुरे, जयूपुढं धरली. मग माझ्याकडं न बघता विचारलं,

"भावजी, काल निघालो असतो तर आत्ता कुठवर गेलो असतो?"

"आसामात शिरलो असतो."

"आणि संध्याकाळी पोचलो असतो."

"व्हय."

तिनं पुडीतली शेवटची मुरी जयूच्या हातावर ओतली, कागदाची घडी केली, घडीची घडी केली. "चला," ती म्हणाली. "वाघ राहिलाय अजून."

आम्ही वाघ बघितला. संध्याकाळी तात्यांनी आम्हाला गुवाहाटीच्या गाडीत बसवून दिलं.

*

गुरुवारी गाडी वेळेवर होती. गुवाहाटीला फलाटावर रामहरी उभा होता आणि त्याच्या मागं आमच्या भागातले दहा-बारा गलाईवाले. इतकी माणसं कुणाला घ्यायला येत नाहीत. त्यातल्या एकानंही हात वर केला नाही. वहिनी दाराशी आली, त्यांच्याकडं बघितलं आणि जयूला माझ्या हातात दिलं. मग एकटी खाली उतरली.

"कधी?" तिनं रामहरीला विचारलं.

"सकाळी. साडेनऊला."

ती खाली बसली नाही, रडली नाही. म्हणाली, "चला, दाखवा मला."

जयू माझ्या कडेवरून त्या माणसांत नवा शर्ट घातलेला कुणी दिसतो का ते शोधत होती.

त्याच रात्री ब्रह्मपुत्रेच्या काठावर सगळं आटोपलं. आबांना तारेनं कळवलं आणि गावातच थांबायला सांगितलं. दिवसकार्य तिथंच करायचं ठरलं. माणसं येत होती, बसत होती, जात होती. जयू प्रत्येकाला सांगायची, "मी पाणघोडा बघितला. तो असा आ करतोय." आणि तोंड उघडून दाखवायची. बायका तिच्याकडं बघून डोळ्याला पदर लावायच्या आणि तिला कळायचं नाही, ह्यात रडण्यासारखं काय आहे.

रामहरीनं मला एकदाच एकट्याला गाठलं. नदीच्या पायऱ्यांवर.

"मी तुला आजच निघ म्हणालो होतो."

तो माझ्या शेजारी पायरीवर बसला.

"बुधवारी संध्याकाळी गाडी आली. मी स्टेशनवर होतो. डबा डबा बघितला. दवाखान्यात गेलो तर ह्यानं विचारलं, आली का? काय सांगू? म्हणालो, गाडी लेट हाय. किती लेट, म्हणाला. तीन तास, म्हणालो. तीन तासांनी पुन्हा विचारलं. रात्रभर हेच, जालिंदर. रात्रभर. मी त्याला समजवायला लागलो तर तोच मला समजवायचा, 'पुलावर थांबवत्यात कधी कधी. पोरगी दमली आसंल.' सकाळपर्यंत मी गाडी बारा तास लेट केली."

तो उठला आणि पायऱ्या चढून गेला. त्यानं मला का थांबलास, असं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी जयूचं कारण सांगितलं असतं. पोरगी दमली होती, दादानंच पत्रात एक दिवस थांबा म्हणून लिहिलं होतं, वहिनीला शेवटचा एक सुखाचा दिवस मिळावा म्हणून थांबलो. ही सगळी कारणं मी तोवर मनाशी तयार केली होती आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.

खरं एवढंच होतं, की फोन ठेवून मी रस्त्यावर उभा राहिलो तेव्हा मला दादा दिसला नाही, बबन दिसला. माझा हात धरणारा त्याचा हात दिसला. आणि माझ्या मनात आलं, जे व्हायचं ते आम्ही पोचायच्या आधी होऊन जाऊ दे. माझ्या सख्ख्या भावाबद्दल मी हे मागितलं. मग दुकानात जाऊन तसंच घडेल अशी सोय केली.

*

तेराव्याचं जेवण झालं. माणसं पांगली. जयू शेजारच्या पोरीबरोबर अंगणात खेळत होती. वहिनी मोरीत भांडी घासत होती. नळ होता खरा. पाणी बारीक धारेनं येत होतं.

मी दाराशी उभा राहिलो. "वहिनी, एक सांगायचंय."

"सांगू नका," ती म्हणाली.

"कलकत्त्याला मी फोन केला तेव्हा..."

"मला ठाऊक हाय." तिनं तांब्या विसळून पालथा घातला. "तुमी फोन करून वर आला तवा तुमच्या एका पायात तुमची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात कुणाची तरी. वहाणा बदलल्याचं सुद्धा कळू नये एवढं काय ऐकून आलाय, ते मला तिथंच कळलं."

मी खाली बसलो.

"मग विचारलं का न्हाई?"

"विचारलं असतं तर तुमी सांगितलं असतं." पाणी चालूच होतं. तिनं नळ बंद केला. "मला एक दिवस पायजे होता, भावजी. भरल्या कपाळाचा एक दिवस. मला वाटलं, उद्या काय ते कळंलच, आज पोरीला पाणघोडा बघू दे. हसू दे. ते असं वाट बघत आसतील हे मला ठाऊक नव्हतं."

"ते मला ठाऊक होतं," मी म्हणालो. "रामहरीनं सांगितलं होतं. तो नाव घेतोय तुमचं, आजच निघा, असं."

पहिल्यांदाच तिनं वळून माझ्याकडं बघितलं. तिचे हात राखेनं भरले होते. अंगणात जयू कुणाला तरी मोठ्यानं आकडे मोजून दाखवत होती.

"मग तुमचं जास्त हाय," ती म्हणाली. "माझं कमी हाय. पण हाय."

"वहिनी..."

"रामहरी भावजींनी ह्यांना सांगितलं, गाडी लेट हाय. जाताना ते गाडीवर चिडून गेले, माझ्यावर न्हाई. तेच राहू द्या. आबांना तेच सांगा. जयू मोठी होऊन कधी विचारंल, तिलाही तेच. आणि उद्याच्या गाडीनं तुमी जावा. माझ्या पुढ्यात आता येऊ नका. तुमी दिसला की मला तो दिवस दिसतोय, आणि त्या दिवशी मी हसले होते."

तिनं पुन्हा नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. जयूनं विचारलं, "काका, आता कलकत्त्याला थांबणार?" मी नाही म्हणालो. हावड्याला तात्या न्यायला आले होते, त्यांच्याबरोबर गेलो नाही. पुण्याची गाडी लागेपर्यंत फलाटावर बसून राहिलो.

वहिनी गावी परतली नाही. रामहरीच्या भागीदारीत तिनं दादाचं दुकान चालवलं. आमच्या लोकांत बाईमाणूस भट्टीशी बसल्याचं मी दुसरं ऐकलेलं नाही. जयूला शिकवलं, तिचं लग्न तिकडंच केलं. पत्रिका आली होती. मी गेलो नाही. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली, तेव्हाही गेलो नाही. बोलावणं नव्हतं.

*

यंदा पौषात जयू गावी आली. नवरा आणि चार वर्षांचा मुलगा बरोबर. आबांच्या मागं राहिलेलं घर तिला एकदा बघायचं होतं. तिच्या मराठीला आता तिकडचा हेल आहे. मी तिला ओळखलं ते नाकावरून.

दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. मुलगा ताटातला भात चिवडत होता.

"येताना कलकत्त्याला एक दिवस थांबलो, काका," ती म्हणाली. "ह्याला सलग प्रवास झेपत नाही. झू दाखवला."

"बरं केलंस."

"मला बाबांचा चेहरा आठवत नाही. फोटोतलाच माहीत आहे. पण तो दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. मी तुमच्या खांद्यावर होते. आई हसत होती. नंतर आई तशी हसलेली मी कधी बघितली नाही." तिनं मुलाच्या तोंडात घास दिला. "तुम्ही नसतात तर तो दिवस मला मिळालाच नसता."

मी पाणी प्यालो.

"बाबांना गाठायला मात्र आपल्याला उशीर झाला ना?"

"झाला."

"आई म्हणायची, गाडी लेट होती."

"व्हय. लेट होती."

"किती?"

तीस वर्षं मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होतो. तीन तास म्हणता आलं असतं, बारा तास म्हणता आलं असतं.

"एक दिवस," मी म्हणालो.

"अरे देवा," जयू म्हणाली. "पण तिकडच्या गाड्या तेव्हा तशाच होत्या." आणि ती मुलाला हात धुवायला घेऊन गेली.